यात्रेचे गाव आणि यंत्राचा माणूस



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन परिचितांनी मला टोकले. कामगार संघटनेत वय घालविलेल्या माणसाने पगार, बोनस, संप यांवर बोलावे. पर्यटन आणि तंत्रज्ञान हे विषय प्राध्यापकांकडे सोपवावेत, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच गैर नाही. परंतु गेली कित्येक वर्षे वाटाघाटीला बसलो की मालकपक्षाकडून एक वाक्य हमखास ऐकू येते, "अहो, कामाचा माणूस मिळत नाही." आणि रविवारी संध्याकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर जावे, तर पुण्याच्या गाड्या आपल्याच पोरांनी भरलेल्या. कुणी डिप्लोमावाला, कुणी आयटीआय केलेला, कुणी संगणकाची पदवी घेतलेला. माणूस मिळत नाही हेही खरे आणि माणूस गाव सोडून चालला आहे हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्याचा आज प्रयत्न करू.

आधी शब्दाचा अर्थ ठरवू. तंत्रज्ञ म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे संगणकापुढे बसलेला तरुण येतो. मी तो शब्द जरा मोठ्या मापाने वापरणार आहे. संगणकाची आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ आहेच. पण सीएनसी लेथवर काम लावणारा, भट्टीतल्या लोखंडाचा रस कधी ओतायचा हे ओळखणारा, हॉटेलातील शीतयंत्र दुरुस्त करणारा, सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रावर रात्रपाळीला बसणारा हेदेखील तंत्रज्ञच. गावाला सगळेच लागतात. आणि एक जात गावात टिकेनाशी झाली की दुसरीही फार दिवस टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोल्हापूर हे यात्रेचे गाव. अंबाबाईचे देऊळ, जोतिबाची चैत्रातली यात्रा, पन्हाळा, रंकाळा, नवरात्रातली गर्दी, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. पण अलीकडे या यात्रेचे रूप पालटत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आपला पन्हाळा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटी रुपयांच्या आणि जोतिबाच्या सुमारे २५९ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा वकिलांच्या खालोखाल आनंद लॉजवाल्यांना झाला असेल. आता पर्यटन हाच कोल्हापूरचा पुढला धंदा, असे पुढारी बोलू लागले आहेत. पर्यटनाला माझा विरोध नाही. बाहेरचा माणूस येतो, दोन दिवस राहतो, चार पैसे टाकतो, त्यात वाईट काय? प्रश्न एवढाच की, त्या पैशातून कोणत्या प्रकारची कामे उत्पन्न होतात आणि ती कामे कोणत्या प्रकारची माणसे गावात ठेवून घेतात.

कोल्हापूर केवळ यात्रेवर कधीच जगले नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली, गुळाचा बाजार उभा केला. १९०६ साली कापडाची गिरणी काढली. तीच पुढे शाहू मिल म्हणून ओळखली गेली. आज ती बंद आहे. पुढे राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. पाणी आले तसा ऊस वाढला; उसामागून चरक आले, ऑइल इंजिने आली, पंप आले. इंजिन शेतात बंद पडले की ते दुरुस्त करणारा मिस्त्री जवळपास लागतो. दुरुस्ती करता करता त्या मिस्त्र्याने सुटा भाग ओतला, मग सगळे इंजिनच ओतले. आपल्या उद्यमनगराचा इतिहास थोडक्यात हा असा आहे. तेथील जुन्या मिस्त्र्यांपैकी पुष्कळांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील वसाहतींतून मोटारींचे ओतीव भाग देशभर आणि परदेशी जातात, त्याचे मूळ त्या शेतातल्या बंद पडलेल्या इंजिनात आहे.

आणखी एक उदाहरण देतो; ते मला फार महत्त्वाचे वाटते. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांना सिनेमाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी तो इथेच बनवायचे ठरविले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साह्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, तो १९२० साली लोकांपुढे आला. रंगारी, सुतार, लेथवाले यांच्या गावात त्या काळातले अगदी पुढचे तंत्र जन्मले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी इथेच 'प्रभात' स्थापन केली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट इथलाच. आणि १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. पुढे प्रभातची जी कीर्ती झाली ती पुण्याची प्रभात म्हणून. त्याच जागेवर १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, ती आजतागायत देशभरच्या मुलांना शिकवीत आहे. कंपनी जाते तेव्हा तिचा फलक तेवढा जात नाही. ध्वनिमुद्रण करणारा, दिवे लावणारा, रसायनात फिल्म धुणारा, नेपथ्य उभारणारा, आणि या सगळ्यांच्या हाताखाली शिकू पाहणारी पोरे जातात. पोरे एकदा गेली की पुढल्या पिढीला शिकविणारे उरत नाही. कोल्हापुरात त्यानंतरही चित्रपट पुष्कळ निघाले, स्टुडिओ चालले. तथापि तंत्राचे केंद्र सरकले ते सरकलेच.

तेव्हा माणसे जाण्याचा प्रकार काही आजचा नाही. आज त्याचे प्रमाण मात्र वाढले आहे, आणि त्याचे कारण शिक्षणाचा अभाव हे खासच नव्हे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खाजगी विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि एक-दोन वर्षांतच कोल्हापूर आणि आसपासच्या भागांत अशी महाविद्यालये उभी राहिली. सांगलीला तर १९४७ पासूनच अभियांत्रिकीचे शिक्षण होते. विद्यापीठ १९६२ चे. तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. दरवर्षी हजारांनी मुले पदविका-पदव्या घेऊन बाहेर पडतात. ज्या गावात पीक एवढे येते त्या गावात धान्याची टंचाई आहे असे कुणी म्हणाले, तर आपण विचारू की धान्य जाते कुठे आणि कोणत्या भावाने.

भाव म्हटला की पगार डोळ्यांपुढे येतो. त्याकडे मी येणारच आहे. पण पगाराच्याही आधी एक गोष्ट आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती मांडली आहे. एकाच धंद्याचे पुष्कळ कारखाने एका गावात का एकवटतात, हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या उत्तराचा एक भाग मी आपल्या भाषेत सांगतो. समजा, एका गावात विशिष्ट प्रकारची संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांना काम देणारी एकच कंपनी आहे. तेथे लागलेला तरुण मालकाशी भांडू शकत नाही, कारण नोकरी सुटली तर दुसरी त्या गावात नाही. मालकही निर्धास्त नसतो, कारण तो तरुण गेला तर तसा दुसरा गावात नाही. दोघेही एकमेकांना धरून बसतात आणि दोघेही मनातून घाबरलेले असतात. उलट पुण्यासारख्या ठिकाणी शंभर कंपन्या असतात. एकीने काढले तर दुसरी घेते. नवरा संगणकवाला आणि बायकोही तीच, तर दोघांना एका शहरात काम मिळते. आज लग्न ठरविताना मुलीकडचे "पुण्याला आहे ना?" असे का विचारतात, त्याचे अर्धे उत्तर यात आहे. (उरलेले अर्धे उत्तर सासूबाईंपासून दूर राहण्याचे असावे, पण तो आजचा विषय नव्हे.)

म्हणून केवळ इमारत बांधून माणसे येत नाहीत. आपल्या महापालिकेने टेंबलाईवाडीला आयटी पार्क काढला. त्याचे काय झाले ते आपण पाहिले आहे. आता शेंडा पार्कातील जागेची चर्चा चालली आहे. जागा मिळावी, अवश्य मिळावी. परंतु भिंतींच्या आत काम देणारे दहा-वीस धनी एकाच वेळी नसतील, तर मुलगा येऊन पाहील आणि परत जाईल.

आता पर्यटनाकडे वळू. पर्यटन हा धंदा तंत्रज्ञानावाचून चालतो असे कुणी समजू नये. उलट आज तो पायापासून डोक्यापर्यंत तंत्रज्ञानावर चालतो. मुंबईचा माणूस अंबाबाईच्या दर्शनाला निघाला की तो भ्रमणध्वनीवर खोली शोधतो, दर पाहतो, इतरांचे अभिप्राय वाचतो, पैसे भरतो. ही सगळी यंत्रणा कुणाची? एक बडी कंपनी गुरुग्रामला आहे, दुसरी ॲमस्टरडॅमला आहे. महाद्वार रोडच्या लॉजवाल्याची खोली ती विकते आणि शेकडा पंधरा-वीस रुपये, कधी त्याहूनही अधिक, दलाली कापून घेते. त्या दलालीतून ज्या अभियंत्यांचे पगार होतात ते गुरुग्राम, बंगळूर, ॲमस्टरडॅम येथे राहतात. गावात काय उरते? चादरी बदलणे, भांडी घासणे, गाडी चालविणे, पहारा करणे. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. मी ज्यांच्यासाठी आयुष्यभर भांडलो ती माणसे हीच आहेत. पण या धंद्याचे डोके एकीकडे आणि हातपाय दुसरीकडे, अशी जी वाटणी झाली आहे, तीत हातपायांचा वाटा आपल्याला आला आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहावे.

दुसरी अडचण हंगामाची. नवरात्र, दिवाळीची सुटी, नाताळ, मे महिना. मधले पावसाळ्याचे दिवस कोरडे जातात. हंगामी धंद्याचा मालक हंगामी माणूस ठेवतो, हे त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे. पण तंत्रज्ञ हंगामी राहू शकत नाही. हातातले तंत्र दरवर्षी नवे होते. ते शिकायला त्याला बाराही महिने काम लागते आणि बाराही महिने पगार लागतो. आयटीआयतून वीजतंत्री होऊन गोव्यात एका हॉटेलात लागलेला आपल्याकडचा एक पोरगा मला भेटला होता. हंगामात तो दिवे, पंप, शीतयंत्रे पाहतो; पाऊस लागला की त्याला खोल्या झाडायला लावतात, नाहीतर घरी पाठवितात. "काका, तीन वर्षांत जे येत होते तेही विसरलो," असे तो म्हणाला.

गोव्याचे नाव निघाले आहे, तर तेथे जरा थांबू. पर्यटनाच्या बळावर उभे राहिलेले आणि तंत्रज्ञांसाठी धडपडणारे राज्य आपल्या शेजारीच आहे. गोवा १९६१ साली मुक्त झाला. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली निघाले. २००४ साली झुआरीनगरला पिलानीच्या प्रसिद्ध संस्थेची शाखा आली. २०१० साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, २०१६ साली आयआयटी. एवढ्याशा राज्यात एवढी तांत्रिक विद्यापीठे क्वचितच असतील. असे असूनही तेथील सरकार आणि उद्योजक तंत्रज्ञ मिळत नाहीत आणि मिळालेले टिकत नाहीत, अशी तक्रार करतात. का?

पहिले म्हणजे जमीन. ज्या जमिनीवर पर्यटनाच्या जोरावर दर वाढला, तेथे प्रत्येक नव्या प्रकल्पाकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि त्या संशयाला कारणेही होती. दोना पावला येथे आयटीसाठी वसाहत आखली होती. ती वादात सापडून बारगळली. विशेष आर्थिक क्षेत्रे लोकांच्या आंदोलनामुळे २००७ साल संपता संपता सरकारला गुंडाळावी लागली. आयआयटीला कायमची जागा अजून मिळालेली नाही. सत्तरी तालुक्यातील मेळावलीला जागा ठरली होती. ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तेथून माघार घेतली. मी त्या ग्रामस्थांना नावे ठेवणार नाही. ज्या गावाने डोंगर, किनारे आणि शेते एकामागून एक हातची जाताना पाहिली, ते गाव "ही विद्येची संस्था आहे" या शब्दावर विश्वास ठेवील कसे? पण परिणाम व्हायचा तो झालाच. आयआयटीची मुले दुसऱ्या महाविद्यालयाच्या आवारात शिकतात आणि पदवी घेऊन निघून जातात.

दुसरे, खाणी. गोव्यात लोहखनिजाचा धंदा मोठा होता. २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द ठरविले. पर्यावरणाच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीने जे व्हायचे ते झाले. परंतु खाणीवर अवजड यंत्रे चालविणारे, बार्जेस दुरुस्त करणारे, वेल्डर, फिटर यांचे काम गेले, आणि त्यांच्या हाताला तसेच काम देणारा दुसरा धंदा शेजारी नव्हता. पर्यटन होते, पर्यटनाला टॅक्सीवाला हवा होता.

तिसरी गोष्ट सर्वांत गमतीची आहे. २०२० च्या महामारीनंतर घरी बसून काम करण्याची पद्धत आली आणि बंगळूर, मुंबई, दिल्लीचे कितीतरी संगणक अभियंते गोव्यात येऊन राहिले. समुद्र पाहावा आणि काम करावे! म्हणजे तंत्रज्ञ गोव्यात आहेत. आसगाव-शिवोलीच्या रस्त्यावर ते डोळ्यांना दिसतात. परंतु त्यांचा धनी गोव्यात नाही, त्यांच्या हाताखाली गोव्याचे पोरगे शिकत नाही, आणि त्यांच्या येण्याने घरभाडे मात्र इतके चढले की फर्मागुढीहून पदवी घेतलेल्या गोवेकर तरुणाला पणजीजवळ खोली परवडेना. तंत्रज्ञ राहतात आणि तरीही तंत्रज्ञांचा तुटवडा, हा प्रकार जगात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळेल. गोव्याची मुले आखाती देशांत, बोटींवर जातात; २०२० पर्यंत पोर्तुगालच्या पारपत्रावर इंग्लंडलाही सहज जात. त्यांच्या जागी बाहेरून मजूर येतात.

अर्थशास्त्रज्ञ या दुखण्याला 'डच रोग' म्हणतात. हॉलंडमध्ये १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. देशात परकीय पैसा आला, चलन महाग झाले, आणि त्या महाग चलनात हॉलंडच्या कारखान्यांचा माल परदेशी विकेनासा झाला. १९७७ साली एका इंग्रजी साप्ताहिकाने त्याला हे नाव दिले. आता कोल्हापूरला काही स्वतःचे चलन नाही. मग हा रोग आपल्याला कसा जडेल? तो जमिनीच्या आणि भाड्याच्या वाटेने येतो. देवळाभोवतालच्या पेठांत पाहा. जिथे सोनार, पितळेचे कारागीर, छापखाने होते तिथे यात्रीनिवास आणि खाणावळी आल्या. घरमालकाचे चूक नाही. खाली छापखान्याला जागा देऊन महिन्याला जे मिळते ते नवरात्रात चार दिवसांत खोल्या देऊन मिळत असेल, तर तो छापखाना कशाला ठेवील? पण छापखान्यात यंत्र चालविणारा एक माणूस होता आणि शिकणारी दोन पोरे होती. आपल्या राजारामपुरीत मागच्या गल्ल्यांतून घरगुती वर्कशॉपे, मोटार वायंडिंगवाले, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे होते. जागेचे दर वाढत गेले तशी ती दुकाने एकेक करून कमी झाली. शिवाय यात्रेकरूकडून झटपट मिळणाऱ्या पैशाची चटक लागलेला तरुण तीन वर्षे उमेदवारी करायला तयार होत नाही. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. त्याने हिशेब केलेला असतो.

तो हिशेब आता आपण करू, म्हणजे मालकांच्या त्या वाक्याचाही उलगडा होईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यांनी शिकाऊ घ्यावेत आणि त्यांना विद्यावेतन द्यावे. २०१९ साली नियम बदलले तेव्हा विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरली. गडहिंग्लज, चंदगडकडच्या मुलाने कोल्हापुरात येऊन खोली, जेवण, बसभाडे या रकमेत कसे भागवायचे? ज्याचे घर शहरात आहे तोच शिकू शकतो. कायद्यातील रक्कम किमान होती, कमाल नव्हती. पण किमान म्हणजेच देय, असे धरून चालण्याची आपल्या औद्योगिक वसाहतींत रीत आहे. उमेदवारी संपल्यावर काय? कायम करण्याचा शब्द नसतो. कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावर नाव चढते, अकरा महिन्यांनी ते कापले जाते, पुन्हा चढते. अशा एका वाटाघाटीत मी एका मालकांना विचारले होते, "साहेब, सीएनसीचे यंत्र घेताना तुम्ही बँकेकडून कर्ज काढलेत, पाच-सात वर्षांची फेड ठरविलीत. त्यावर काम करणाऱ्या माणसाशी मात्र अकरा महिन्यांचाच करार का?" ते हसले आणि चहा मागविला.

माणूस मिळत नाही, या वाक्यात एक शब्द गाळलेला असतो. *या पगारात* माणूस मिळत नाही. भट्टीसमोरच्या उष्णतेत बारा तासांची पाळी, धूळ, अनिश्चित नोकरी, हे ज्या दराने देऊ केले जाते त्या दराने कोल्हापूरचा पोरगा येत नाही. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून माणूस आणावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत ते लोक आपापल्या गावी गेले तेव्हा आपल्या फौंड्र्यांची काय अवस्था झाली ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी हे कबूल केले पाहिजे की, मोटार कंपन्या ओतीव भागाचे दर वर्षावर्षाला पिळून काढतात आणि लहान फौंड्रीवाल्याच्या हाती फारसे उरत नाही. पिळवणुकीची साखळी वरपासून खाली येते. पण साखळीचे शेवटचे टोक नेहमी एकाच माणसाच्या गळ्यात का यावे?

पर्यटनाच्या गावात तंत्रज्ञ टिकूच शकत नाही, असे मात्र मी मानीत नाही. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा नावाचे शहर आहे. ऊन, समुद्र, हॉटेले यांवर जगणारे. तेथे १९७२ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९२ साली सरकार आणि नगरपालिका यांनी मिळून तंत्रज्ञानाची वसाहत काढली. आज तेथे वीस हजारांहून अधिक लोक काम करतात. याला तीस वर्षे लागली. एका निवडणुकीच्या मुदतीत हे झाले नाही. आणि तिथेही घरभाड्याचा प्रश्न सुटलेला नाही: २०२४ साली मालागाचे हजारो नागरिक पर्यटकांच्या भाडोत्री घरांविरुद्ध रस्त्यावर उतरले. म्हणजे उद्योग आणला तरी घरांची व्यवस्था वेगळी करावीच लागते.

इतक्या दूर जायचे नसेल तर मालवणजवळ तारकर्लीला जावे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या घोषणेतून स्थानिक तरुणांच्या पदरात लॉज आणि खानावळी यांपलीकडे फार पडले असे मला वाटत नाही. पण तारकर्लीला पर्यटन महामंडळाने पाण्याखाली बुडी मारण्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. समुद्र जाणणारा कोळ्याचा मुलगा तेथे श्वासयंत्र, दाब, सुरक्षिततेचे नियम शिकतो आणि जगात कुठेही चालेल असे प्रमाणपत्र मिळवितो. पर्यटनातून निघालेले हे खरे तंत्र आहे. हंगाम नसेल तेव्हा तो बंदरात, धरणावर पाण्याखालच्या कामाला जाऊ शकतो.

आता आपल्या १,४४५ कोटींकडे येतो. ही रक्कम दगडमाती, भूसंपादन, वाहनतळ, दर्शनरांगा यांवर खर्च होईल. या कामांत तंत्राचा भाग थोडा नाही. गर्दी मोजणे आणि वळविणे, वाहनतळाची यंत्रे, वीज, आग विझविण्याची व्यवस्था, जुन्या दगडी बांधकामाचे जतन, यात्रेकरूंचे सांडपाणी शुद्ध करून मगच पंचगंगेत सोडणे, खोल्यांची नोंदणी, विजेवरच्या बसगाड्यांची देखभाल. यातले प्रत्येक काम करू शकणारी किंवा वर्ष-दोन वर्षांत शिकू शकणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. पण निविदा निघतील तेव्हा अट येईल की, मागील तीन वर्षांत अमुक कोटींची उलाढाल पाहिजे आणि अशाच प्रकारचे अमुक काम केलेले पाहिजे. उद्यमनगरातला कारखानदार आणि राजारामपुरीत दोन खोल्यांत आठ मुले घेऊन संगणकाचे काम करणारा तरुण या अटीतच गळतील. काम मुंबई-पुण्याच्या कंपनीला जाईल, ती ते पोटकंत्राटाने पुन्हा इथल्याच माणसाला निम्म्या दराने देईल, आणि पाच वर्षांनी यंत्र बंद पडले की दुरुस्तीला पुण्याहून माणूस येईपर्यंत भाविक रांगेत उभे राहतील.

याऐवजी मोठ्या कामाचे तुकडे पाडून त्यांतले काही स्थानिक सहकारी संस्थांना आणि लहान कारखान्यांना राखून ठेवता येतील. सहकार आपल्याला नवा नाही. ऊस, दूध, सूत यांत आपण तो चालविला आहे. लॉजवाल्यांनी मिळून स्वतःची नोंदणीयंत्रणा उभी केली, तर आज जी दलाली बाहेर जाते तिच्या एका अंशातून दहा-पंधरा अभियंत्यांचे बारा महिन्यांचे पगार या गावात होतील, आणि मघा सांगितलेल्या दहा-वीस धन्यांपैकी एक धनी निर्माण होईल. प्रत्येक कंत्राटात शिकाऊ उमेदवारांची संख्या आणि काम संपल्यावर देखभालीसाठी त्यांतल्या किती जणांना कायम घेणार, हे लिहून घ्यावे. आणि शिकाऊंसाठी वसतिगृहे. ज्या नगरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहे काढून खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी केली, त्या नगरात आयटीआयच्या आणि उमेदवारीच्या मुलांना राहायला स्वस्त जागा नसावी, हे मला पटत नाही. मंदिराच्या आराखड्यात यात्रेकरूंच्या निवासाची सोय आहे. त्याच्याच शेजारी दोनशे उमेदवारांच्या खोल्या बांधायला फार मोठी रक्कम लागणार नाही.

आराखड्याची कामे टप्प्याटप्प्याने निघतील. पहिल्या निविदांचा मसुदा लोकांपुढे ठेवावा आणि त्यावर हरकती मागवाव्यात, अशी मागणी संघटनेतर्फे आम्ही करणार आहोत. उद्यमनगरचे कारखानदार, संगणकाचा व्यवसाय करणारे तरुण, लॉजमालक आणि महाविद्यालयांचे प्राचार्य यांनी त्या पत्रावर सह्या कराव्यात, अशी विनंती आहे. पत्राची प्रत सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे.